दारावरची पाटी काय सांगते? रुग्णालयातल्या विलगीकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांतून सात प्रश्न निवडले आहेत. रुग्णालयांत संसर्गनियंत्रणाचे काम करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांनी मिळून उत्तरे दिली आहेत. आधी एक खुलासा. कोविडच्या काळात दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले. आजारी माणसाला किंवा ज्याच्यात जंतू सापडला आहे त्याला वेगळे ठेवणे हे विलगीकरण. संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्या माणसाला काही दिवस बाजूला ठेवणे हे अलगीकरण. इथे बोलायचे आहे ते विलगीकरणाबद्दल.

प्रश्न : माझे वडील (वय ७१) पक्षाघातामुळे आयसीयूत होते. लघवीच्या तपासणीत ‘कार्बापेनेम-रेझिस्टंट क्लेब्सिएला’ आल्यावर त्यांना वेगळ्या खोलीत हलवले आणि दारावर ‘कॉन्टॅक्ट प्रिकॉशन’ अशी पाटी लावली. आत येणारे सगळे गाऊन आणि हातमोजे घालतात, पण मास्क कुणीच लावत नाही. हे बरोबर आहे का? मी त्यांचा हात हातात घेऊ शकते का? घरी नेल्यावर लहान नातवंडांचे काय? — एक वाचिका, कराड

हो, बरोबर आहे. विलगीकरणाचा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर चालतो : जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो. वाटा मुख्यतः तीन. पहिली स्पर्शाची : हात, कॉटचा कठडा, स्टेथोस्कोप, लघवीची पिशवी. दुसरी खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या थेंबांची. हे थेंब बहुतेक एक-दोन मीटरच्या आतच खाली बसतात. घटसर्प, डांग्या खोकला, गालगुंड ही यातली उदाहरणे. तिसरी हवेची : इतके बारीक कण, की ते खोलीभर तरंगत राहतात. क्षय, गोवर आणि कांजिण्या या वाटेने जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेमधली रेघ पूर्वी वाटायची तितकी ठळक नाही, हे कोविडने दाखवून दिले. तरी रोजच्या कामाला ही विभागणी अजून उपयोगी पडते.

तुमच्या वडिलांचा जंतू पहिल्या वाटेने जाणारा आहे. क्लेब्सिएला हा आतड्यात राहणारा जंतू. वडिलांना सापडलेला प्रकार कार्बापेनेम या ताकदवान प्रतिजैविकांना दाद देत नाही. साध्या क्लेब्सिएलापेक्षा तो जास्त जहाल असतो असे नाही. त्याच्यावर चालणारी औषधे फार थोडी उरली आहेत, अडचण तिथे आहे. धडधाकट माणसाच्या पोटात तो गेला तर बहुधा काहीच होत नाही. पण शेजारच्या खोलीत व्हेंटिलेटरवर असलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या रक्तात तो पोचला, तर जिवावर बेतते. ही सगळी तजवीज त्या शेजारच्या रुग्णासाठी आहे. वडिलांना वाळीत टाकलेले नाही.

हा जंतू कसा हलतो ते पाहायचे असेल तर लघवीची पिशवी रिकामी करताना नीट बघा. पिशवीच्या तळाशी एक छोटी तोटी असते. तिचे टोक मोजपात्राच्या कडेला टेकले की पात्रावरचे जंतू तोटीवर आणि तोटीवरचे पात्रावर येतात. मग तेच पात्र नुसते विसळून पुढच्या कॉटला गेले, हातमोजे तेच राहिले, की पंधरा मिनिटांत चार रुग्णांना एकच जंतू वाटून झाला. म्हणून प्रत्येक रुग्णाला वेगळे पात्र, दर वेळी नवे हातमोजे, मोजे काढल्यावर हात धुणे, तोटीचे टोक कशालाही न टेकवणे आणि नंतर ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे, एवढे व्हायला हवे. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगलेली असावी, पण जमिनीला टेकू नये. बीपीचा पट्टा, थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप त्या खोलीचेच, बाहेर न नेण्याचे.

आणखी एका जागेकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही : खोलीतले हात धुण्याचे बेसिन. बेडपॅन, लघवी, उरलेले सलाईन, गार झालेला चहा यातले काहीही त्यात ओतू नये. जाळीखालच्या बुळबुळीत थरात हे जंतू महिनोन्‌महिने टिकतात. सलाईनमधली साखर आणि चहा-दूध त्यांना आयतेच खाद्य. नळाची धार थेट जाळीवर पडत असेल तर शिंतोडे जवळपास मीटरभर उडतात. म्हणून बेसिनशेजारच्या ओट्यावर इंजेक्शनची किंवा ड्रेसिंगची तयारी करू नये.

तुम्ही वडिलांचा हात जरूर हातात घ्या. आत जाताना आणि बाहेर पडताना हात स्वच्छ करा. अंग पुसणे, कूस बदलणे, डायपर बदलणे ही कामे करणार असाल तर गाऊन आणि हातमोजे मागून घ्या. त्यांच्या कॉटवर बसू नका, आपली पर्स कॉटवर ठेवू नका, त्यांचे स्वच्छतागृह वापरू नका, खोलीत डबा उघडून जेवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचे : बाहेर आल्यावर शेजारच्या खोलीतल्या आजींना पाणी पाजायला किंवा उशी सरकवून द्यायला जाऊ नका. आपल्याकडे नातेवाईक एकमेकांच्या रुग्णाचे इतके प्रेमाने करतात, की हात न धुता केलेली ही मदत जंतूची मोठी वाट होते.

घरी गेल्यावर गाऊन-मोजे लागत नाहीत. नातवंडांनी आजोबांच्या गळ्यात पडायला हरकत नाही. शौच-लघवीचे करणाऱ्याने साबणाने नीट हात धुवावेत. टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे नेहमीच्या साबणात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. हा जंतू पोटात कित्येक महिने राहू शकतो. त्यामुळे तो अहवाल फाइलमध्ये सर्वांत वर लावा आणि पुढच्या कोणत्याही रुग्णालयात किंवा डायलिसिस केंद्रात गेल्यावर न विचारताच दाखवा.

प्रश्न : गाऊन, मास्क, गॉगल, हातमोजे काढण्याचा क्रम वेगवेगळ्या वॉर्डांत वेगवेगळा शिकवला जातो. नेमका कोणता बरोबर? आणि घालण्यापेक्षा काढण्यावर एवढा भर का? — नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर

घालताना सगळे स्वच्छ असते, काढताना नसते, म्हणून. खोलीत संसर्ग टाळण्यासाठी घातलेल्या कपड्यांतूनच तो बाहेर येतो, तो बहुधा शेवटच्या एका मिनिटात.

घालताना क्रम असा : हात स्वच्छ करणे, गाऊन, मास्क, गॉगल किंवा फेसशील्ड आणि शेवटी हातमोजे. हातमोज्याची कड गाऊनच्या बाहीवर चढलेली हवी. मनगटाची उघडी पट्टी राहिली तर गाऊनचा निम्मा उपयोग गेला. गाऊनची पाठ उघडी राहिली तरी तेच.

काढताना दोन क्रम मान्य आहेत. एक, आधी हातमोजे, मग गॉगल, मग गाऊन, शेवटी मास्क. दुसरा, गाऊन आणि हातमोजे एकत्रच, मग गॉगल, मग मास्क. एकदाच वापरायचा कागदी-प्लॅस्टिकचा गाऊन असेल तर दुसरा क्रम सोपा पडतो : समोरून धरून ओढला की मागचे बंद तुटतात, आणि गाऊन उलटा गुंडाळत आणताना शेवटी हातमोजेही त्यातच निघून येतात. धुऊन वापरायच्या कापडी गाऊनला पहिला क्रम बरा. तुमच्या रुग्णालयाने एक ठरवून सगळ्या वॉर्डांत तोच शिकवावा. दोन्ही बरोबर असले तरी वॉर्डागणिक बदलणारा क्रम घाईच्या वेळी हमखास चुकतो.

हातमोजे काढायचे ते असे. एका मोज्यातल्या बोटांनी दुसऱ्या मोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरा, मोजा उलटा करत काढा आणि तो मोजा घातलेल्या हाताच्या मुठीत गोळा करून ठेवा. मग मोकळ्या हाताचे बोट दुसऱ्या मोज्याच्या आत, कातडीलगत सरकवा आणि तोही उलटा करत पहिल्यावर चढवा. आता दोन्हींची घाण बाजू आत गेली. इथे थांबून हँडरब (हातावर चोळायचे अल्कोहोलचे द्रावण) लावा. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी भोके असतात आणि काढताना हात लागतोच, म्हणून मोजे घातले होते तरी हात स्वच्छ करणे सुटत नाही. गॉगल कानामागच्या काडीला धरून काढा. गाऊनचे बंद सोडून खांद्याच्या आतल्या बाजूने धरा आणि आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळा. पुन्हा हँडरब. खोलीबाहेर या, दार लावा आणि मगच मास्क काढा : आधी खालचा बंद, मग वरचा, समोरच्या भागाला हात न लावता. आधी वरचा सोडला तर मास्क छातीवर लोंबतो आणि त्याची घाण बाजू गाऊनखालच्या कपड्यांना लागते. शेवटी परत हँडरब.

कचऱ्याचे डबे या क्रमाला धरून ठेवलेले हवेत : हातमोज्यांसाठी लाल पिशवी आणि गाऊन-मास्कसाठी पिवळी. खोलीच्या आत दाराशी दोन्ही, दाराबाहेर मास्कपुरती पिवळी. कापडी गाऊन धुण्याच्या पिशवीत. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर कितीही शिकवा, क्रम पाळला जाणार नाही.

हँडरब तळव्याच्या खोलगट भागात मावेल इतका घ्यावा, सुमारे ३ मिली, आणि तो २० ते ३० सेकंद चोळत सुकू द्यावा. साबण-पाण्याने पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची. अंगठा, बोटांची टोके आणि नखांखालची जागा या हमखास सुटतात. बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढूनच कामाला लागायचे. हात दिसण्याइतके मळलेले असतील तर हँडरब चालत नाही, साबणच हवा. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलच्या जुलाबांतही साबण-पाणीच, कारण त्याच्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही. ते चोळून, वाहत्या पाण्याने हातावरून घालवावे लागतात.

नेहमी दिसणाऱ्या चुका : तेच हातमोजे घालून दोन रुग्ण बघणे, मोज्यांवरच सॅनिटायझर चोळणे, मोज्यांनीच फोन उचलणे, गाऊन घालून नर्सिंग स्टेशनवर फाइल लिहायला बसणे, मास्क हनुवटीखाली ओढणे. एन-९५ घातल्यावर दोन्ही हात कडेवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने हवा निसटताना जाणवली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. दाढीचे खुंट असतील तर एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसत नाही. मग तो महागडा साधा मास्कच झाला.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात ‘निगेटिव्ह प्रेशर’ची खोली नाही. क्षयाचे आणि मधूनमधून गोवराचे रुग्ण येतात. कमी खर्चात काय करता येईल? — वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार जिल्हा

बरेच करता येते. निगेटिव्ह प्रेशरचा अर्थ एवढाच, की हवा बाहेरच्या व्हरांड्यातून खोलीत यावी, खोलीतून व्हरांड्यात जाऊ नये, आणि खोलीतली हवा तासाला ठरावीक वेळा बदलावी. नव्या खोलीसाठी मापदंड तासाला १२ वेळा हवा बदलण्याचा आहे. जुन्या बांधकामात किमान ६ वेळा तरी हवीच.

व्हरांड्याच्या टोकाची, बाहेरच्या बाजूला भिंत असलेली खोली निवडा. समजा ती ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, म्हणजे ३६ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ४३२ घनमीटर बाहेर टाकायला हवी. एक्झॉस्ट पंख्याच्या माहितीपत्रकात तासाला किती घनमीटर हवा जाते ते दिलेले असते. पण तो आकडा मोकळ्या हवेतला. जाळी, धूळ आणि वाऱ्याचा उलट दाब यांमुळे प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. म्हणून हिशेबाच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घ्या. पंखा दाराच्या समोरच्या भिंतीत, रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला बसवा, म्हणजे हवा आधी कर्मचाऱ्यावरून, मग रुग्णावरून आणि मग बाहेर जाते. पंख्याचे तोंड ओपीडीच्या रांगेकडे, दुसऱ्या वॉर्डाच्या खिडकीकडे किंवा नातेवाइकांच्या शेडकडे नसावे. दार बंद ठेवायचे. खालची फट बुजवायची नाही, कारण हवा तिथूनच आत येणार आहे.

झाले ते बरोबर आहे का हे बघायला यंत्र लागत नाही, उदबत्ती पुरते. दार बंद करून, पंखा चालू ठेवून बाहेरून दाराच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ फटीतून आत ओढला गेला तर खोली काम करते आहे. धूर जागेवरच रेंगाळला किंवा तुमच्याकडे आला तर नाही. रुग्ण आत असेल तोवर रोज एकदा ही तपासणी करून तारीख-वेळ लिहून ठेवा. दर महिन्याला पंख्याची पाती आणि जाळी पुसा, धुळीने हवा जाणे फार झपाट्याने घटते.

वीज नसते तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या हाच आधार. जागतिक आरोग्य संघटनेने नैसर्गिक वायुवीजनासाठी अशा खोलीत दर रुग्णामागे दर सेकंदाला १६० लिटर हवा असा मापदंड दिला आहे. वारा असताना दोन्ही बाजू उघड्या असल्या तर हे साधते. पण थंडीच्या रात्री आणि संध्याकाळी डासांच्या वेळी नेमक्या खिडक्या लावल्या जातात, आणि डासांच्या जाळीने वारा अडतो. खिडकीला जाळी लावण्यापेक्षा रुग्णाला मच्छरदाणी द्या आणि खिडकी उघडी राहू द्या. स्प्लिट एसी बंदच ठेवा. तो खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, नवी हवा आणत नाही.

रुग्ण गेल्यावर खोली लगेच दुसऱ्याला देऊ नका. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण निघायला २३ मिनिटे आणि ९९.९ टक्के निघायला ३५ मिनिटे लागतात. ६ वेळा बदलत असेल तर ४६ आणि ६९ मिनिटे. तोवर आत जाणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यालाही एन-९५ द्या. अनेक ठिकाणी मावशींना कापडी मास्कवरच पाठवतात, हे बंद व्हायला हवे.

रुग्णाला मात्र एन-९५ नको. आधीच धाप लागलेल्या माणसाला तो सोसत नाही. थेंब उगमापाशीच अडवायला साधा सर्जिकल मास्क पुरतो. एक्स-रेला नेताना तो लावून न्या. बेडका घ्यायचा तो उघड्यावर, उन्हात, लोकांपासून दूर. खोलीत किंवा स्वच्छतागृहात कधीच नाही.

ओपीडीत तर याहून स्वस्त उपाय आहे : केसपेपरच्या खिडकीवरच ‘खोकला किती दिवसांचा?’ असे विचारायचे. दोन आठवड्यांहून जास्त असेल त्याला मास्क देऊन, रांगेतून काढून, बाहेर झाडाखाली बसवायचे आणि आधी तपासायचे. अंगावर पुरळ आणि ताप असलेल्या मुलाला ओपीडीत बसवूच नका. गोवराचा विषाणू मूल निघून गेल्यावरही त्या हवेत २ तासांपर्यंत टिकू शकतो. पुरळ उठल्यापासून ४ दिवस हवेतून पसरण्याविरुद्धची सगळी काळजी घ्या. ज्यांना गोवर होऊन गेला आहे किंवा लसीचे दोन डोस झाले आहेत त्यांनाच त्या खोलीत ड्यूटी द्या. प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर सिस्टरला अजिबात नको. लस न झालेली मुले त्याच वॉर्डात होती असे कळले, तर ७२ तासांच्या आत दिलेली लस अजून उपयोगी पडू शकते. म्हणून शेजारच्या कॉटवर कोण होते याची यादी त्याच दिवशी करा.

प्रश्न : जनरल वॉर्डात माझ्या मुलाच्या शेजारच्या कॉटवर डेंग्यूचा रुग्ण ठेवला आहे. त्याला वेगळे का ठेवत नाहीत? — एक पालक, ठाणे

डेंग्यू खोकल्यातून, स्पर्शातून किंवा ताटातून पसरत नाही, मधे डास लागतो. त्यामुळे वेगळी खोली लागत नाही, मच्छरदाणी लागते, तीही दिवसा, कारण एडिस डास दिवसा चावतो. शेजारच्या रुग्णाची मच्छरदाणी दुपारी वर गुंडाळलेली दिसली तर सिस्टरना जरूर सांगा. वॉर्डातले कूलर, फुलदाण्या आणि गच्चीवरची झाकण नसलेली टाकी यांच्याकडेही लक्ष वेधा.

प्रश्न : आमच्याकडे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णांच्या फाइलवर लाल स्टिकर लावतात आणि त्यांना वॉर्डाच्या कोपऱ्यातली कॉट देतात. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी हे योग्यच नाही का? — एक परिचारक, सोलापूर

योग्य नाही, आणि त्याने सुरक्षा वाढण्याऐवजी घटते. स्टिकर नसलेली फाइल बघून हात सैल पडतो. ज्याची तपासणी अजून झालेली नाही, किंवा नुकताच संसर्ग झाल्याने तपासणीत अजून काही दिसत नाही, असा रुग्ण त्याच रांगेत असतो. रोगाचे नाव कुणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, १९८५ पासून रक्ताच्या बाबतीत आणि १९९६ पासून सगळ्या शारीरिक स्रावांच्या बाबतीत हाच नियम केला : प्रत्येक रुग्ण संसर्गजन्य आहे असे धरून चालायचे. याला ‘स्टँडर्ड प्रिकॉशन’ म्हणतात. बाकी सगळ्या पाट्या या पायावर चढवायच्या असतात.

निदान कळायच्या आधी किती नुकसान होते याचे आपल्या देशातले उदाहरण सिलिगुडीचे. २००१च्या सुरुवातीला तिथे मेंदूज्वराची साथ आली. तो निपाह विषाणू होता हे पुढे कळले. साथीतले ६६ रुग्ण नोंदले गेले, आणि ज्यांची माहिती मिळाली त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचा संपर्क रुग्णालयातच आला होता. कर्मचारी, भेटायला आलेले, दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेले. तिथे स्टिकर लावायला कुणाकडे नावच नव्हते. उपयोगी पडला असता तो प्रत्येक खोकणाऱ्या, तापाने फणफणलेल्या रुग्णाजवळ जाताना लावलेला मास्क आणि नंतर धुतलेले हात.

शिवाय एचआयव्ही-एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारांत भेदभाव करणे आणि संमतीशिवाय रुग्णाची स्थिती उघड करणे त्याने बेकायदा ठरवले आहे. फाइलवरचा लाल स्टिकर वॉर्डबॉयपासून शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकापर्यंत सगळे वाचतात.

तुमची खरी सुरक्षा वेगळीकडे आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात ती लगेच टाका आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बदला. हिपॅटायटिस-बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्या. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांची पातळी १० किंवा त्याहून अधिक आली आहे ना, हे पाहा. ही तपासणी बहुतेकांकडून राहून जाते.

सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, हायपोक्लोराइट (क्लोरीनचे जंतुनाशक) ओतू नका. लगेच कळवा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे २ तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर ती देत नाहीत. औषधे २८ दिवस घ्यायची असतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता १००० मागे सुमारे ३. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस-बीची शक्यता मात्र १०० मागे ६ ते ३०. भीती एचआयव्हीची जास्त वाटते आणि लस राहते ती हिपॅटायटिसची.

प्रश्न : विलगीकरणातला रुग्ण गेल्यावर खोली कशी स्वच्छ करावी? हायपोक्लोराइटचे प्रमाण प्रत्येक जण वेगळे सांगतो. फॉगिंग करावे का? — हाउसकीपिंग पर्यवेक्षक, म्हापसा

प्रमाण वेगळे सांगितले जाते, कारण कॅन वेगळ्या ताकदीचे येतात. कॅनवरचे टक्के वाचल्याशिवाय मापाला हात लावू नका. सूत्र सोपे आहे : हवे असलेले टक्के भागिले कॅनवरचे टक्के, गुणिले एकूण मिलिलिटर. ५ टक्क्यांच्या कॅनपासून १ टक्क्याचे एक लिटर करायचे तर २०० मिली औषध आणि ८०० मिली पाणी. १० टक्क्यांचा कॅन असेल तर १०० आणि ९००. १ टक्का रक्त सांडलेल्या जागेसाठी. फरशी, कॉट, कठडे यांना ०.१ टक्का पुरतो : ५ टक्क्यांच्या कॅनमधले २०० मिली, एकूण १० लिटरच्या बादलीत.

रोज ताजे करा, उरलेले संध्याकाळी ओतून द्या. ऊन आणि उकाडा यांनी क्लोरीन उडून जातो. गच्चीच्या जिन्यात महिनोन्‌महिने पडलेल्या कॅनवर ५ टक्के छापलेले असले तरी आत तितके उरलेले नसते. मळावर ते घालवू नका : क्लोरीन मळाशीच खर्च होतो, जंतूपर्यंत पोचतच नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग हायपोक्लोराइट लावा, आणि पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहू द्या. लगेच कोरड्या फडक्याने पुसले तर सगळी मेहनत वाया. धातूवर मात्र नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंज चढतो आणि गंजलेला कठडा पुढे कधीच नीट स्वच्छ होत नाही. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर हे कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुसण्याची दिशा वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, म्हणजे स्वच्छतागृह सर्वांत शेवटी. फडके दोनदा घडी घातले की पुसायला आठ बाजू मिळतात. एक बाजू वापरली की दुसरी, आठही संपल्या की फडके धुण्यात. वापरलेले फडके पुन्हा बादलीत बुडवले तर बादलीच जंतूंची होते. हात ज्यांना सतत लागतो त्या जागा आधी : कॉटचे कठडे, बेल, दिव्याची बटणे, टीव्हीचा रिमोट, लॉकरची मूठ, सलाईनचा स्टँड, दाराची कडी, नळाची चावी. गादीचे रेक्झिन फाटले असेल तर पुसून उपयोग नाही, गादी बदला. पडदे काढून धुवायला द्या, हे हमखास विसरते.

रक्त सांडले तर हातमोजे घालून आधी टिपकागद पसरा. त्यावर कडेकडून मध्याकडे १ टक्क्याचे द्रावण ओता, १० मिनिटे थांबा, मग उचलून पिवळ्या पिशवीत टाका.

फॉगिंगची गरज नाही. फॉर्मेलिनचा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे, आणि कठड्यावरचा वाळलेला डाग त्याने जात नाही. तेवढाच वेळ पुसण्याला द्या.

प्रश्न : आईला वेगळ्या खोलीत हलवल्यापासून सिस्टर आणि डॉक्टर कमी येतात असे वाटते. दारातूनच विचारून जातात. आई खचली आहे. तक्रार करावी का? — एक वाचक, पुणे

तुमचे वाटणे खोटे नाही. दर वेळी गाऊन चढवावा लागतो म्हणून विलगीकरणातल्या रुग्णाकडे माणसे कमी वेळा जातात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अशा रुग्णांत उदासी, तोल जाऊन पडणे आणि पाठीच्या जखमा यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. तक्रारीच्या सुरात न बोलता सिस्टर-इनचार्जशी वेळापत्रक ठरवा : कूस दर दोन तासांनी, औषध-बीपी-जेवण एकाच फेरीत, राउंडची वेळ ठरलेली. बेल आईच्या हाताला लागेल अशी बांधून घ्या. भिंतीवर घड्याळ आणि मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका लावा. वेळकाळ कळेनासा झाला की वयस्क माणसे लवकर गोंधळतात. ठरलेल्या वेळी फोनवर चेहरा दाखवून बोला. फोन झिप लावलेल्या पारदर्शक पिशवीत ठेवला तर बाहेर आणताना पुसायला सोपा.

आणि विलगीकरण कधी संपणार हे विचारा. ते आजारानुसार ठरते. मेनिंगोकॉकसच्या मेंदूज्वरात योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर २४ तास. खरजेत उपचारानंतर २४ तास. गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस. डांग्या खोकल्यात प्रतिजैविक सुरू झाल्यापासून ५ दिवस. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. घटसर्पात उपचार पुरे झाल्यावर २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निर्दोष येईपर्यंत. क्षयात रुग्णालयात साधारणतः किमान २ आठवडे लागू पडणारे औषध, तब्येतीत उतार आणि बेडक्याचे ३ नमुने निर्दोष, हे तिन्ही एकत्र जमल्यावर. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे विलगीकरण मात्र बहुधा घरी सोडेपर्यंत चालते.

बऱ्याचदा मुदत संपलेली असते, पण पाटी उतरवायची कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पाटीवर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात : कशासाठी, कधीपासून आणि पुन्हा कधी तपासायचे. तिसरी जागा रिकामी दिसली तर आजच्याच राउंडला डॉक्टरांना ती भरायला सांगा.